तीन महिने आणि एकेचाळीस वर्षं

आजचं वाचन: निर्गम 15:22 ते 16:21

तांबड्या समुद्राचा प्रसंग आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. पाणी दुभंगलं, लोक कोरड्या पायांनी पार झाले, मिर्यामने डफ हातात घेतला, बायका नाचल्या, सगळ्यांनी मिळून मोठं गाणं म्हटलं. संडे स्कूलमध्ये गोष्ट बहुतेक इथेच संपायची. आजचं वाचन त्या गाण्याच्या पुढच्या ओळीपासून सुरू होतं. तीन दिवस चालूनही पाणी मिळत नाही. शेवटी मिळतं ते मारा नावाच्या ठिकाणी, आणि तेही कडू. मिसर सोडून महिना होतो न होतो तोच याच लोकांना तिथली मांसाची भांडी आठवायला लागतात. पाठीवरचे फटके विसरले आणि जेवण तेवढं लक्षात राहिलं.

शास्त्राने हा महिना लपवला नाही, हे मला फार आवडतं. देवाने त्यांना परत उत्साह यावा म्हणून दुसरा समुद्र दुभंगून दाखवला नाही. त्याने मान्ना दिला. रोज सकाळी उठून वेचायचा, त्या दिवसापुरताच. उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे आणि ऊन तापलं की तो वितळून जायचा. सुटकेचा दिवस एकच होता, वेचायच्या सकाळी मात्र चाळीस वर्षांच्या.

आपल्या यूथ ग्रुपमधला एक मित्र मागच्या आठवड्यात माझ्याशी याच महिन्याबद्दल बोलत होता, फक्त त्याने मिसर हा शब्द वापरला नाही. दारू सोडून त्याला चार महिने झालेत. पहिला महिना भारी गेला. झोप लागायला लागली, पैसे उरायला लागले, घरचे खूश, ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज. आता कोणी विचारत नाही. न पिणं ही त्याची रोजची गोष्ट झाली आहे आणि शुक्रवारची संध्याकाळ संपता संपत नाही. त्याला दारूची तलफ जितकी छळत नाही, तितका हा सपाटपणा छळतो. त्याला मी मॅट टॅल्बटबद्दल सांगितलं. आज तुम्हालाही सांगते.

डब्लिनचा एक बिगारी

मॅट टॅल्बट 2 मे 1856 रोजी आयर्लंडच्या डब्लिन शहरात एका गरीब कामगाराच्या घरी जन्मला. घरात भावंडं पुष्कळ, खोल्या लहान, आणि वडील पिणारे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयर्लंडमध्ये फादर थिओबॉल्ड मॅथ्यू वारले. या कापुचिन धर्मगुरूंनी 1838 साली कॉर्क शहरात दारू न पिण्याच्या शपथेची चळवळ सुरू केली होती. काही वर्षांत लाखो लोकांनी ती शपथ घेतली. मैदानंच्या मैदानं भरत, लोक गुडघे टेकून एकत्र शपथ घेत. मग दुष्काळ आला, माणसं मेली, देश सोडून गेली, चळवळ ओसरली, आणि शपथ घेतलेल्यांपैकी कितीतरी जण पुन्हा प्यायला लागले. अख्ख्या देशाने आपला तांबडा समुद्र पाहिला होता आणि त्यानंतरचं कडू पाणीही. मॅट जन्मला तो या ओहोटीत.

शाळेत तो फार टिकला नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला कामाला लावलं, आणि काम मिळालं ते बीअर बाटल्यांत भरणाऱ्या एका कंपनीत. मुलगा संध्याकाळी झिंगून घरी यायला लागला. वडिलांनी त्याला तिथून काढून आपल्याजवळ बंदराच्या गोदामात लावलं, तर तिथे व्हिस्कीचा साठा. पुढे तो गवंड्यांच्या हाताखाली विटा आणि चुना वाहणारा बिगारी झाला. कामाला तो वाघ होता. शनिवारी पगार हातात पडला की तो पबमध्ये जायचा आणि आठवड्याच्या सुरुवातीलाच खिसा रिकामा व्हायचा. मग उधारी. उधारी संपली की बूट गहाण. एकदा तर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या माणसाचं वाद्यच लांबवलं आणि विकून त्याची दारू प्यायली. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

शनिवारची दुपार

1884 साल. मॅट 28 वर्षांचा. पिण्यापायी आठवडाभर काम बुडालेलं, खिशात पैसा नाही. शनिवारी पगार घेऊन सोबती पबकडे येतील आणि कोणीतरी आपल्यालाही आत बोलावेल, म्हणून तो नॉर्थ स्ट्रँडवरच्या पबबाहेर उभा राहिला. स्वतःकडे असताना त्याने कितीतरी जणांना पाजली होती. सोबती आले. नमस्कार-चमत्कार झाले, माणसं आत गेली. त्याला कोणीच बोलावलं नाही.

तो घरी आला. शनिवारी दुपारी मुलगा शुद्धीवर घरी आलेला पाहून आईला नवल वाटलं. आपण शपथ घेणार आहोत, असं त्याने आईला सांगितलं. तिने सावध केलं: पाळायची असेल तरच घे. मग तो क्लॉनलिफ इथल्या होली क्रॉस कॉलेजमध्ये गेला, एका धर्मगुरूंकडे पापनिवेदन केलं आणि शपथ घेतली.

किती दिवसांची? तीन महिन्यांची.

मी इथे नेहमी थांबते. आयुष्यभराची शपथ त्याने मागितली नाही, कारण तेवढी आपल्याला झेपेल असं त्यालाच वाटत नव्हतं. त्याने झेपेल तेवढंच वेचलं, एका दिवसाच्या मान्न्यासारखं. दुसऱ्या दिवशी रविवारी त्याने मिस्सामध्ये कम्युनियन घेतलं आणि सोमवारी कामाला गेला.

मग कडू पाणी

पहिले तीन महिने त्याला प्रचंड कठीण गेले. अंगाला दारूची सवय होती, ती सुटताना होणारे हाल त्याने कुठल्याही औषधाशिवाय सोसले. मुदत संपली की मी परत पिणार, असं तो आईला कितीदा बोलून दाखवायचा. यात मला मोठा दिलासा वाटतो. ज्या माणसाला संतपद मिळावं म्हणून आज लोक प्रार्थना करतात, तोही मुदत संपायचे दिवस मोजत होता.

मुदत संपली. तो प्यायला नाही. सहा महिन्यांची शपथ घेतली. तीही पाळली, आणि मग आयुष्यभराची घेतली.

पण ओढ एका शपथेने गेली नाही. एका संध्याकाळी तो पबमध्ये शिरलाही, असं त्याचे चरित्रकार सांगतात. गल्ल्यामागचा माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकांत गुंतला होता, त्याचं मॅटकडे लक्ष गेलं नाही. मॅट काही वेळ उभा राहिला, मग तडक बाहेर पडून जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसला आणि चर्च बंद होईपर्यंत तिथेच राहिला. त्या दिवसानंतर खिशात पैसे घेऊन फिरायचं नाही, असं त्याने ठरवलं.

इथून पुढची गोष्ट खरं तर कंटाळवाणी आहे, आणि म्हणूनच ती मला आज सांगायची आहे. मॅटला दृष्टान्त झाला नाही. आकाशातून आवाज आला नाही. त्याने शहर बदललं नाही, धंदा बदलला नाही. तेच रस्ते, तेच पब, तेच सोबती. त्याने बदलले ते दिवसाचे तास.

सगळ्यात अवघड वेळ काम सुटल्यानंतरची. अंग थकलेलं, सगळे पबकडे निघालेले, आणि घरी जाऊन करायचं काय हा प्रश्न. त्या वेळेत तो चर्चमध्ये जाऊन बसायला लागला. सुरुवातीला त्याच्यासाठी चर्च ही पबऐवजी पाय टेकायची जागा होती, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आपण प्रार्थनेत खूप काही वाटायची वाट पाहतो. मॅट आधी जाऊन बसला. वाटणं कधी आलं, कधी नाही.

सकाळी तो कामाआधी पहाटेच्या पाचच्या मिस्साला जायचा. रात्री वाचायचा, आणि हे वाचणंही सोपं नव्हतं. शाळा धड झालेली नाही, अक्षर जेमतेम ओळखीचं. तरी संत ऑगस्टीनसारख्यांची पुस्तकं तो शब्द शब्द लावत वाचत गेला. अडलं तर धर्मगुरूंना विचारायचा. ज्या संध्याकाळी आधी पबमध्ये जायच्या, त्यांना आता काहीतरी काम मिळालं.

पुढे त्याने तंबाखूही सोडली. पाइप सोडणं दारू सोडण्यापेक्षा जड गेलं, असं तो म्हणत असे. 1890 साली तो संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात, म्हणजे संसारात राहून फ्रान्सिस्कन वळणाने जगणाऱ्या साध्या माणसांच्या संघात, सामील झाला. नंतरची कितीतरी वर्षं त्याने लाकडाच्या वखारीत मजुरी केली. 1913 साली डब्लिनमध्ये मालकांनी हजारो कामगारांना कामावरून बाहेर ठेवलं, त्या महिन्यांत इतर मजुरांबरोबर त्याचंही काम थांबलं. मिळकतीतलं स्वतःपुरतं थोडं ठेवून बाकीचं तो गरजूंना आणि मिशनकार्याला देत राहिला. वडील गेल्यावर त्याने म्हाताऱ्या आईला सांभाळलं. ती 1915 साली वारली.

न सापडलेला माणूस

दारू सोडली की मागचं सगळं आपोआप नीट होतं, असं पहिल्या महिन्यात वाटतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात कळतं की उधारी तिथेच आहे, तुटलेली नाती तिथेच आहेत, आणि आता ती शुद्धीवर राहून बघायची आहेत. मला वाटतं, पुष्कळांचा पाय इथेच घसरतो.

मॅटने उधारीचा हिशेब लावला. जिथे जिथे देणं होतं त्या पबमध्ये तो जायचा, पाकिटात घातलेले पैसे द्यायचा आणि थांबता तडक बाहेर. अशी एक एक करत त्याने देणी फेडली.

राहिला तो फिडलवाला. त्याला मॅटने डब्लिनभर शोधलं, वर्षानुवर्षं. रस्त्यांवर पाहिलं, गरीबखान्यांत चौकशी केली. तो सापडला नाही. शेवटी वाद्याच्या किमतीचे पैसे मॅटने त्या माणसासाठी मिस्सा करवून घ्यायला दिले.

ही गोष्ट अर्धवट आहे आणि मला ती तशीच हवी आहे. आपल्यातल्या काहींना ज्याची क्षमा मागायची आहे तो माणूस आता भेटणार नाही. कोणी गेलं असेल, कोणी फोन उचलत नसेल. मॅटलाही ती एक भेट मिळाली नाही. तरी तो शोधायचा थांबला नाही आणि न सापडल्याच्या दुःखात परत प्यायलाही नाही. क्षमा देवाकडून घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेला.

साखळ्यांबद्दल एक गोष्ट

1923 साली हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजाराने मॅट अंथरुणाला खिळला, दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या. 1925 मध्ये जरा बरं वाटल्यावर तो परत वखारीत कामाला गेला. 7 जून 1925, पवित्र त्रैक्याचा रविवार. मिस्साला जाताना ग्रॅनबी लेन या गल्लीत तो कोसळला आणि तिथेच गेला. वय 69. कोण आहे हे आजूबाजूच्यांना माहीत नव्हतं. इस्पितळात नेल्यावर त्याच्या अंगावर साखळ्या सापडल्या. त्याने भक्तीची आणि प्रायश्चित्ताची खूण म्हणून त्या घातल्या होत्या. या साखळ्यांमुळेच त्याचं नाव जगभर झालं. तोवर त्याच्या कठोर साधनेबद्दल अगदी मोजक्या लोकांना माहिती होती. 1975 साली पोप पॉल सहावे यांनी त्याला वंदनीय घोषित केलं.

इंटरनेटवर त्याच्याबद्दल शोधलंत तर पहिली साखळ्यांचीच गोष्ट दिसेल, त्याखालोखाल लाकडी फळीवर झोपण्याची. त्या त्याच्या काळाच्या भक्तीच्या रीती होत्या. आपण त्यांची नक्कल करायची नाही, आणि कोणी नवीनच दारू सोडली असेल तर त्याने स्वतःच्या शरीराला शिक्षा तर मुळीच द्यायची नाही. मला त्या साखळ्यांपेक्षा त्यांच्याआधीची एकेचाळीस वर्षं मोठी वाटतात. 1884 ते 1925. रोज पहाटेची मिस्सा, रोज मजुरी, रोज संध्याकाळचा तो एक अवघड तास. त्यातल्या बहुतेक दिवशी बघणारं कोणी नव्हतं.

आपल्यासाठी

मॅट गेल्यानंतर दहा वर्षांनी, 1935 साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाली. मॅटला असा गट मिळाला नाही, आपल्याला मिळतो. मुंबईत त्यांच्या कितीतरी बैठका चर्चच्या किंवा शाळेच्या खोल्यांतच भरतात. पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. तिथे दहा-वीस वर्षं न प्यायलेली माणसं अजूनही आजच्या दिवसापुरतंच बोलतात. निर्गमाचा सोळावा अध्याय अशा खोलीत बसून वाचावा, असं मला वाटतं.

आणि हेही सांगायला हवं. रोज खूप पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हातपाय थरथरणं, भास होणं, झटके येणं इथपर्यंत त्रास जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मॅटच्या काळात इलाज नव्हता, आज आहे. आधी डॉक्टरांकडे जा. डॉक्टर, औषधं, समुपदेशन हीसुद्धा देवाचीच मदत आहे.

ज्यांचा पहिला महिना संपून चौथा लागला आहे, त्यांच्यासाठी मॅटच्या आयुष्यातून मी चार साध्या गोष्टी उचलल्या आहेत.

तुमचा अवघड तास कोणता ते ओळखा आणि त्याला जायला एक ठरलेली जागा द्या. चर्च, बैठक, मैदान, मित्राचं घर, काहीही. मन लागो न लागो, पाय तिथे न्या.

पैशाची वाट जरा लांब करा. मॅटने खिसा रिकामा ठेवला. आपल्याकडे दारू मोबाइलवर बोट टेकवण्याइतकी जवळ आहे. ते ॲप काढून टाका, शनिवारचा खर्च घरातल्या कोणाच्या हाती द्या.

मुदत लहान ठेवा. लग्नात, ऑफिसच्या पार्टीत, थर्टी फर्स्टला आयुष्यभराचा विचार केला की दम लागतो. आजची रात्र पुरे आहे.

आणि एक देणं फेडायला घ्या. एकच. पैशाचं असेल, शब्दाचं असेल. माणूस भेटला तर उत्तम, नाही भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा.

इतकं करूनही एखाद्या दिवशी काहीच वाटणार नाही. मला आजच्या वाचनात तेच सगळ्यात खरं वाटतं. मान्न्याला मधाच्या पोळीसारखी चव होती असं शास्त्र सांगतं, पण पुढे गणनेच्या पुस्तकात तेच लोक त्याला कंटाळलेले दिसतात. मान्ना तोच होता. त्यांना चव लागेनाशी झाली होती. तरीही सकाळी तो जमिनीवर पडलेला असायचा आणि तो खाऊनच ते जगले. तुमच्या पाचव्या, सहाव्या, अकराव्या महिन्यात चव गेली असेल तर अन्न गेलं असं समजू नका.

प्रार्थना

प्रभू, सुटकेच्या दिवशी तू आमच्याबरोबर होतास हे आम्हाला दिसलं. आज काही दिसत नाही, तरी तू आहेस. आजच्या संध्याकाळपुरतं आम्हाला सांभाळ. उद्याचं उद्या मागू. जे आज पहिल्यांदा सोडत आहेत त्यांना धीर दे, जे परत घसरले आहेत त्यांना उठव, आणि ज्यांची क्षमा मागायची राहून गेली त्या सगळ्यांना आमच्या वतीने तूच भेट. आमेन.